नकाररेषा

न्यायालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आवाजघर होतं. आरोपीला ज्यानं लहानाचं मोठं केलं, त्याचा आवाज तिथं नोंदवून घेत. प्रणिता मगदूमला काचेच्या खोलीत बसवून कारकून म्हणाला, "लहानपणी मुलाला अडवायचात ना, अगदी तसंच बोला."

प्रणिता वीस वर्षं बालवाडीत ताई होती. हे काम तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं डोळे मिटले आणि जीव ओतून म्हटलं, "असं नाही करायचं सोन्या. त्याला लागतं की नाही?" बाहेर पडताना वर अभिमानानं सांगितलंही, "वळण लावलंय मी पोराला. एका शब्दात थांबायचा." कारकून बिचारा खाली मान घालून कागद चाळत राहिला.

त्याला जे ठाऊक होतं आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते असं. लहानपणी कुणी मायेनं, पुन्हापुन्हा अडवलं, की मुलाच्या मेंदूच्या पुढच्या भागात पेशींची एक बारीक वाट तयार होते. मोठेपणी हात उगारताना आतून ‘थांब’ ऐकू येतं, ते या वाटेनं. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं नकाररेषा. वाढवणाऱ्याचा आवाज ऐकवला की या रेषा उजळतात आणि यंत्राला मोजता येतात. पुढं तसा कायदा झाला. ज्याच्या डोक्यात रेषाच नाहीत तो थांबणार कसा? म्हणून जेवढ्या रेषा, तेवढी शिक्षा. हेतू भला होता. लाथाबुक्क्यांत वाढलेल्या पोरांना थोडा दिलासा मिळावा, एवढाच. पण लाडांत वाढलेल्यांच्याही डोक्यात रेषा नसतात, हे बड्या वकिलांच्या लक्षात यायला वर्षही लागलं नाही.

वारणेकाठच्या रस्त्यावर रिवान शहापुरेच्या गाडीनं एका शीतगृहाच्या पहारेकऱ्याला उडवलं होतं. शेजारी ओजस बसला होता, प्रणिताचा एकुलता एक. दोघांनी मिळून त्या तडफडणाऱ्या माणसाला उसाच्या कडेच्या पाण्याच्या चारीत लोटलं आणि पळाले. माणूस तिथंच गेला. गुन्हा एक, मूळ शिक्षाही एकच, बारा वर्षं. रिवानच्या आईला मुलाला नाही म्हणायची कधी वेळच आली नव्हती. तिचा आवाज ऐकून रिवानच्या मेंदूत शंभरात नऊ रेषा उजळल्या. ओजसच्या एक्क्याण्णव. रिवानला तेरा महिने झाले, ओजसला जवळजवळ अकरा वर्षं.

निकालानंतर प्रणितानं मोजणी करणाऱ्या डॉक्टर वर्तकांना गाठलं.

"म्हणजे माझ्याच आवाजानं त्याला आत घातलं?"

"तुमचा आवाज नुसता दिवा लावतो, ताई. रेषा आधीच्याच."

"त्या तरी कुणी काढल्या? मीच की! पोरगं वाया घालवलं असतं तर सुटलं असतं. हा कुठला न्याय म्हणायचा?"

"त्याला थांबता येत होतं आणि तो थांबला नाही. कायदा एवढंच बघतो."

हे खरं होतं, म्हणूनच तिला रडू कोसळलं. "आणि त्या रिवानला शिकता आलं नसतं होय? वीस वर्षांचा घोडा तो! सगळं जग होतं की शिकवायला!"

वर्तकांनी फाइल मिटली. ती उठेना. शेवटी त्यांच्या तोंडून जाऊ नये ते गेलंच. "अपिलात नव्वद दिवसांनी फेरमोजणी असते. रेषा पुसट होऊ शकतात. पण ज्या आवाजानं काढल्या, त्यानंच पुसाव्या लागतात. जिथं नाही म्हणालात तिथं हो म्हणायचं. तेही मनापासून. वरवरचं बोललात तर मेंदू ओळखतो."

पहिल्या मंगळवारी तुरुंगाच्या जाळीपलीकडे ओजस पार वाळला होता. "आई, त्यानं माझा हात धरला होता गं. पाणी मागत होता. मी हात सोडवून घेतला. मला जेवणच जात नाही."

प्रणिताला त्याच्याबरोबर रडायचं होतं. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? मरणारा मरतोच. तू जेव पोटभर."

आपल्या आईच्या साडीत भलतंच कुणी येऊन बसावं, तसा तो बघत राहिला. घरी जाऊन तिनं पुन्हापुन्हा चुळा भरल्या.

पण मनापासून बोलायला हवं होतं. ती आरशासमोर बसून बोलायला लागली. मेलेल्या माणसाचा राग राग करायला शिकली. भर रस्त्यात कशाला तडमडला होता? पाचव्या आठवड्यात ते वाक्य तोंडातून सहज गेलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. आठव्या आठवड्यात ओजसनं पहारेकऱ्याचं नाव काढायचं सोडलं. अंगानंही भरला. लेकरू जेवतंय, एवढ्यावर ती सुखावली.

फेरमोजणीच्या आदल्या दिवशी ती शेवटची भेटायला गेली. ओजस खुशीत होता.

"आमच्या बराकीत एक म्हातारा आहे, आई. हृदयाच्या गोळ्या उशाखाली ठेवतो. काल मी सगळ्या संडासात टाकल्या. दिवसभर शोधत होता, रांगत रांगत!"

तो हसायला लागला. मग हसू अर्ध्यावर अडकलं. कपाळाला आठी पडली आणि त्यानं चाचरत विचारलं, "चुकलं का गं माझं?"

अजून एक रेषा शिल्लक होती आणि ती प्रणितालाच हाक मारत होती. आत्ता एक शब्द बोलली असती, तर तो म्हातारा वाचला असता, ओजसही वाचला असता. पण उद्या दहाला मोजणी होती. अकरा वर्षांनी ती चौसष्ट वर्षांची झाली असती, जगली तर.

तिनं जाळीतून त्याच्या बोटांना बोटं लावली. "छे रे," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली, "तुझं कशाला चुकेल?"

ओजसच्या कपाळावरची आठी गेली. "मला वाटलंच," तो म्हणाला, आणि राहिलेलं हसू त्यानं हसून घेतलं.