रांगेत न आलेली बाई

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही.

त्या संध्याकाळी तिथे आम्ही चौघं होतो. चौघंही आज जिवंत आहोत, आणि चौघांनीही तेच ऐकलंय. मला खोटं ठरवायचं असेल तर रहाटणीला या, एकेकाला वेगवेगळं बसवून विचारा.

गुरुवार, १८ जानेवारी २०२४. वेळ संध्याकाळी साडेसातच्या पुढची. जागा, चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एका बंद पडलेल्या वर्कशॉपचं पत्र्याचं शेड.

माझं नाव अनिता. मूळची उदगीरची. नवरा चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला होता. तो अचानक वारला, खोली सोडावी लागली आणि मी तीन आठवडे आकुर्डी स्टेशनच्या बाहेर झोपले. तिथे रोज संध्याकाळी 'भाकर सेवा'चा टेम्पो यायचा. रहाटणीतल्या एका छोट्या प्रार्थनागृहाची माणसं. गरम खिचडी वाटायची.

पहिल्या दिवशी मी रांगेत दोनदा उभी राहिले. वाढणाऱ्याने ओळखलं. तरी दुसऱ्यांदाही डबा दिला.

पुढे पास्टर रणजीत साळवे यांनी मला स्वयंपाकाचं काम दिलं, प्रार्थनागृहाच्या मागची खोली दिली. मी हिंदूच आहे. खोलीत माझी देवी आहे. मला कुणी काही बदलायला सांगितलं नाही. पास्टर वाटपाआधी डोळे मिटून दोन ओळी बोलतात, तेवढा वेळ मी डाव हातात धरून थांबते. एवढंच.

आता मुद्द्यावर येते.

त्याच्या आदल्या डिसेंबरात बऱ्याच कंत्राटी माणसांची कामं गेली. आमचा टेम्पो चाकणलाही जायचा, तिथल्या रांगेत आधी साठ माणसं असायची, ती एकशेवीस झाली. पातेलं मात्र तेवढंच. त्यात काही जण तीन-तीन डबे न्यायचे आणि दारूच्या गुत्त्यावर देऊन यायचे.

शेवटची माणसं रोज उपाशी परतायला लागली.

म्हणून नियम केला. समोर उभ्या असलेल्या माणसाला एकच डबा. दुसऱ्याच्या नावाने काही मिळणार नाही.

हा नियम पास्टरांचा नव्हता. माझा होता.

सोमवारी संक्रांत होती. कुणीतरी तिळाचे लाडू दिले होते, प्रत्येक डब्यावर मी एकेक ठेवत होते. एक माणूस पुढे आला. पंचावन्नच्या आसपासचा, उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. प्रेस मशीनवर जातात तशी गेलेली.

"ताई, दोन द्या. मंडळी आजारी हाय."

"तिला घेऊन या, काका."

"तिला उठवत न्हाई."

"सगळे असंच सांगतात. एकच मिळेल."

त्याने एकच घेतला. डबा छातीशी धरला आणि निघाला. बाकीचे तिथेच बसून खातात. हा जवळजवळ पळतच गेला.

मंगळवारी परत आला.

"ताई, काल तिनं खाल्लंच न्हाई. रुसली आसंल. आज दोन द्या, मी संगं बसतो, मग खाईल."

मागे रांग ओरडत होती. मी म्हटलं, "काका, पुढे चला."

बुधवारी त्याने दोन मागितलेच नाहीत. एक घेतला, मान खाली घालून गेला.

मला बरं वाटलं होतं. कटकट मिटली, असं वाटलं होतं. हे लिहिताना हात थांबतो माझा.

गुरुवारी तो माझ्यासमोर आला, हात पुढे केला... आणि तसाच खाली कोसळला.

टेम्पो चालवणारा सुजित धावला. तोंडावर पाणी मारलं, डोकं मांडीवर घेतलं. पास्टर वाकून विचारायला लागले, "नाव काय तुमचं?"

"रंगराव."

"शेवटचं कधी जेवलात, रंगराव?"

त्याने बराच वेळ आठवलं.

"आयतवारी."

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"मग रोजचा डबा?" पास्टरांनी विचारलं.

"तिला देतो की. येकच मिळतो." मग त्याने पास्टरांचा हात घट्ट धरला. "साहेब, माझं ऱ्हाऊ द्या. तिचं बघा. चार दिस झालं, तोंडात घास घेत न्हाई. तुमी देवाची माणसं हाय. येकदा चला."

उरलेलं वाटप दुसऱ्यांवर सोपवलं आणि आम्ही निघालो. रंगराव आणि पास्टर पुढे सुजितजवळ. मी मागे, खिचडीचं भगुलं आणि पाण्याची बाटली घेऊन.

आमच्या टेम्पोमागे नेहमी कुत्री लागतात. वासाला. त्या दिवशीही चार-पाच लागली होती.

टेम्पो मुख्य रस्ता सोडून शेडकडच्या कच्च्या वाटेला वळला...

आणि कुत्री थांबली.

भुंकली नाहीत, पळालीही नाहीत. वळणावर ओळीने बसली आणि आमच्याकडे बघत राहिली.

शेड म्हणजे काय, अर्धे पत्रे गेलेले, दार नाही. मागे तळेगावच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. हॉर्न, ब्रेक, इंजिनं. शंभर पावलांवरचा आवाज. एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं.

आम्ही आत पाय टाकला.

आवाज बंद.

कमी झाला नाही. बंद झाला.

सुजितने माझ्याकडे बघितलं. त्यालाही ते कळलं होतं.

पास्टरांनी मोबाईलचा टॉर्च लावला. कोपऱ्यात पुठ्ठे अंथरलेले. त्यावर गोधडी. गोधडीखाली कुणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलेलं. उशाशी तीन डबे एका ओळीत ठेवलेले होते. झाकणं बंद. पहिल्या डब्यावर तिळाचा लाडू तसाच होता.

मुंगीसुद्धा नव्हती.

"जाई," रंगराव खाली बसत म्हणाला, "बघ, कोण आलंय. ऊठ."

काही नाही.

"जाई..."

गोधडी हलली नाही. पण त्या गोधडीतून खोकला आला. कोरडा, बारीक.

मग आवाज.

"पाणी."

मी तिच्या उशाशी बसले. मानेखाली हात घालून डोकं उचललं. मान गार होती. फरशीसारखी गार. मला वाटलं, जानेवारी आहे, उघड्यावर पडलीय, गार असणारच.

तोंड टॉर्चच्या उजेडात आलं. डोळे अर्धे उघडे. उजेड थेट डोळ्यांवर पडला तरी पापणी लवली नाही.

मी बाटली ओठांना लावली.

पाणी गेलं. घोट गिळल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या हातावर, तिच्या गळ्यात, ते हललेलं मला जाणवलं. एक घोट... दुसरा... तिसरा.

"पास्टर, जिवंत आहे!" मी ओरडले. "अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा!"

सुजित फोन लावायला बाहेर धावला. आत रेंज नव्हती.

मी तिचं डोकं हळूच खाली ठेवायला लागले. तेवढ्यात ती बोलली. ओठ हलले की नाही हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. पण आवाज तिथूनच आला. माझ्या मांडीजवळून.

"तू येकच देतीस ना?"

मी तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तिने मला पाहिलेलं नव्हतं. मी कोण, काय करते, कुणी सांगितलेलं नव्हतं.

"मग... त्याला दे."

मी तिचं डोकं तसंच हातात धरून ठेवलं.

"चार दिस झालं. जेवला न्हाई त्यो. माझ्या म्होरं खाऊ दे."

रंगराव हुंदके द्यायला लागला. "तू खा की गं आधी! तुझ्यासाठीच आणलंय!"

"खा."

एवढंच. पण असं म्हणाली की त्या शेडचे पत्रे थरथरले, असं सुजित सांगतो. तो तेव्हा नुकताच आत आला होता. मला पत्र्यांचं आठवत नाही. मला फक्त तो शब्द आठवतो.

मी भगुल्यातून खिचडी काढली. रंगरावच्या त्या दोन बोटांच्या हाताला घास धरवेना, इतका तो कापत होता. सुजितने भरवलं. एक घास, रडणं, पाणी. मग पुढचा घास. पास्टर गुडघ्यांवर बसून तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करत होते.

मध्येच त्यांचा आवाज थांबला. ओठ हलत राहिले. हात त्यांनी काढला नाही.

रंगरावने शेवटचा घास गिळला.

तिने भिंतीकडे तोंड वळवलं.

हे मी पाहिलं. प्रार्थनेला बसताना पास्टरांनी टॉर्च माझ्याच हातात दिला होता. मान हळूहळू वळली, गाल पुठ्ठ्याला टेकला... आणि मग काहीच नाही.

आम्हाला वाटलं, झोपली.

पाऊण तासाने अ‍ॅम्ब्युलन्स आली. ट्रॅफिकमधून वाट काढत आली बिचारी. एक तरणा पोरगा स्ट्रेचर घेऊन आत शिरला. गोधडी बाजूला केली, वाकला, आणि झटकन मागे सरला. रुमाल नाकाला लावला.

त्या क्षणी वास आला.

त्याआधी नव्हता. मी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बसले होते, पाऊण तास! काही नव्हतं. आणि आता सुजित बाहेर जाऊन ओकत होता. त्याच वेळी रस्त्यावरचे हॉर्नही परत ऐकू यायला लागले. सगळे एकदम.

"कधी गेली ही?" त्या पोराने विचारलं.

"गेली?" मी म्हटलं. "आत्ता पाणी प्यायली! आत्ता बोलली माझ्याशी!"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पास्टरांकडे.

"ताई, ह्यांना जाऊन दोन-तीन दिवस झालेत."

रंगराव हसला. खरंच हसला. "काहीबी बोलतुया पोरगं," म्हणाला. मग त्याने आमची तोंडं बघितली.

त्यानंतर तो जसा ओरडला, ते मी लिहू शकत नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला. जबाबात आम्ही काय ते खरं सांगितलं. हवालदाराने पेन थांबवलं, म्हणाला, "हे लिहू, का नको?" पास्टर म्हणाले, "घडलं ते लिहा." त्याने लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेमनंतर डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. आजार जुना होता, दम्याचा. त्यात थंडी. संशयाचं काही नाही म्हणाले. जाता जाता मात्र एक विचारलं.

"हिच्या तोंडात कुणी पाणी ओतलंत का?"

मी होकाराची मान हलवली. ते तसेच आत निघून गेले.

अंत्यविधी रंगरावच्या घरच्या रीतीनेच झाला. रंगरावने अग्नी दिला. पास्टर शेवटपर्यंत हात जोडून उभे होते. परत येताना टेम्पोत मी त्यांना विचारलं, "कपाळावर हात होता तुमचा. तुम्हाला काही कळलं नाही?"

"पहिल्याच स्पर्शाला कळलं होतं," ते म्हणाले. "पण ती बोलत होती, अनिता. बोलणाऱ्या माणसाला मेलेलं कसं म्हणायचं?"

त्या दिवसानंतर त्यांनी स्वतःहून या विषयावर एक शब्दही काढलेला नाही.

मी नियम मोडून टाकला. जो जेवढे मागेल त्याला तेवढे डबे देते. गुत्त्यावर गेले तर जाऊ देत. पातेलं कमी पडतं, लोक भांडतात. भांडू देत.

रंगराव आता आमच्याकडेच राहतो. भांडी घासतो, भाजी निवडतो, कमी बोलतो. वेळेवर जेवतो.

पण माझी झोप गेलीय. भुतामुळे नाही. जाईबाई परत कधी दिसली नाही, तिचा आवाजही कधी आला नाही. आली असती तर पाय धरले असते मी तिचे.

झोप गेलीय ती डॉक्टरांच्या कागदामुळे. त्यावर मृत्यूची वेळ नेमकी नाही. सोमवार दुपार ते मंगळवार पहाट, एवढंच आहे. मी परत जाऊन विचारलं. आणखी एका डॉक्टरला कागद दाखवला. दोघंही म्हणाले, याहून नेमकं सांगता येत नाही.

मी त्याला "एकच मिळेल" म्हणाले ते सोमवारी संध्याकाळी सात वाजता.

दुपारीच गेली असेल तर माझ्या हातून काही झालं नाही. पण पहाटे गेली असेल तर... तर त्या संध्याकाळी ती वाट बघत होती. आणि मी एक माणूस तिच्याकडे पाठवला असता, नुसतं बघायला पाठवला असता, तरी...

शेवटी मागच्या महिन्यात धीर केला. रंगराव अंगणात मेथी निवडत होता. मी शेजारी बसले आणि विचारलं.

"काका, सोमवारी तुम्ही डबा घेऊन गेलात, तेव्हा जाईबाई जिवंत होत्या का?"

त्याने जुडी खाली ठेवली.

"व्हती की. बोलली माझ्याशी."

मी आणखी जवळ सरकले. "नक्की? खरंच बोलल्या?"

"व्हय." तो माझ्याकडे साधेपणाने बघत म्हणाला, "मंगळवारीबी बोलली. बुधवारीबी. गुरुवारी तर तुमीच ऐकलंसा, ताई."