शुक्रवारपर्यंतचं डायलिसिस

कंपनीच्या दवाखान्यात कामगार कल्याण अधिकारी पालथा पडला होता. कवटी मागून फुटली होती आणि रक्त थेट छतापर्यंत उडालं होतं. शेजारी ऑक्सिजन सिलिंडरचा जाड लोखंडी पाना. भाऊजींनी तोंडावर रुमाल दाबला. त्यांच्या वहिनी मात्र खासगी तपासाच्या धंद्यात मुरलेल्या. त्या प्रेताजवळ निवांत उकिडव्या बसल्या.

"जीव गेल्यावरही मारत राहिलाय," त्या म्हणाल्या. "इथे कोण कोण आलं होतं?"

"आम्ही तिघंच," मॅनेजर म्हणाला. पोलिसांच्या आधी त्यानेच वहिनींना बोलावलं होतं. शर्ट पांढराशुभ्र. "निवृत्तांचे उपचार बंद करायचं मी ठरवलं. शिव्या हा खात होता."

नर्सचा कोटही स्वच्छ होता. "मी चहाला गेले होते. खोटं कशाला बोलू, म्हाताऱ्यांना हा कुत्र्यासारखा हाकलायचा. हा मेला म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही."

तिसरा भट्टीखात्यातला म्हातारा. उभा जन्म घण मारण्यात गेलेला, म्हणून सगळे त्याला घणकाका म्हणत. अंगात काजळीने काळाकुट्ट डगला, गळ्यात कापडी पट्ट्याचा, कामाचा लखलखीत चष्मा. निदान डोळ्यांना तरी जपतो, असं भाऊजींना वाटलं.

"शुक्रवारी निवृत्त होतोय," काका म्हणाला. "बायको डायलिसिसवर. हे मेलेले साहेब म्हणाले, शनिवारपासून तुझं तू बघ. मुकाट खात्यात गेलो. तेव्हापासून घणच मारतोय."

"नर्सच," भाऊजी कुजबुजले. "पाना कुठे असतो ते तिलाच ठाऊक."

"भाऊजी, डोकं काय नुसतं टोपी घालायला दिलंय? पाना भिंतीवर टांगलेला असतो, तो खिळा समोर दिसतोय. एवढं रक्त छतावर गेलं, ते मारणाऱ्यावर नाही उडणार? पांढऱ्यावर डाग लपत नाही. या काळ्या डगल्यावर लपतो."

मग त्या वळल्या. "काका, तेव्हापासून घण मारताय, तर चष्म्यावर काजळी कशी नाही?"

काकाचा हात चष्म्याकडे गेला.

"घाव घालायच्या आधी चष्मा चढवायचा, ही तुमच्या हाताची सवय. इथेही चढवलात. नंतर तोंड धुतलंत, काच धुतलीत. कापडी पट्टा मात्र रक्त पिऊन बसलाय." त्यांनी पट्टा चिमटीत धरला. बोटं लाल झाली.

"कधी चढवला, मलाच कळलं नाही," काका म्हणाला. "पण आज मी नोकरीत आहे अजून. उद्या तिला घेतील ना डायलिसिसला?"

"खुन्याचं सगळं आजच बंद," मॅनेजर म्हणाला. "बायकोचंही."

काकाने झेप घेतली. भाऊजी मध्ये पडले आणि औषधांच्या कपाटावर आदळले. काच फुटून कपाळ फाटलं. तोवर मॅनेजरचा गळा काकाच्या पंजात होता. मॅनेजरचे डोळे पांढरे व्हायला लागले. वहिनींनाही ती बोटं सोडवेनात.

"सोडा काका," नर्स म्हणाली. "मी नेते तिला उद्या. माझ्या पैशांनी."

बोटं सुटली. काका मटकन खाली बसला.

"तिला आज काही सांगू नका," तो म्हणाला. "उद्याचं होऊ द्या आधी."