उलटी गाठ

जुन्या कैरोजवळच्या फुस्तात शहरात, ज्यूंच्या सिनेगॉगमधली ती चामड्याची वहाण वर्षानुवर्षं खुंटीला टांगलेली असे. मूलबाळ नसताना नवरा गेला, की बायको दिराच्या वाट्याला जायची. पंचांसमोर दिराच्या उजव्या पायातली ही वहाण तिनं स्वतः सोडली, तरच ती मोकळी. तुर्फाचा नवरा खलफ तांबड्या समुद्रात बुडाला, त्याला तीन वर्षं झाली होती. दीर मवहूब काही केल्या पाय पुढे करत नव्हता. तिच्यासारखं रेशमी भरतकाम करणारी बाई त्याला घरात फुकट हवी होती. शेवटी तुर्फानं पंचांना ठणकावलं, "मग मी मुसलमानांच्या काझीच्या दारात जाऊन उभी राहते." त्याबरोबर पंचांना दुसऱ्याच दिवशी सवड झाली, आणि मवहूबला पाय पुढे करावाच लागला.

सेवकानं वहाण मवहूबच्या पायात घातली, पट्ट्या पोटरीला गुंडाळून साधी गाठ मारली.

"ओली कशी ही?" सेवक पुटपुटला. अंगणात ऊन रणरणत होतं.

"अजून विचार करा, वहिनी," मवहूब हसला. "एकट्या बाईला कोण विचारतं?"

"पाय सरळ ठेवा, भाऊजी. तेवढंच काम आहे तुमचं."

ती वाकली. एकट्या उजव्या हातानं सोडायचं, असा नियम. चामड्याला समुद्राचा वास येत होता, आणि गाठ साधी नव्हती. डावखुऱ्यानं मारलेली उलटी गाठ होती. खलफ मारायचा, अगदी तशी.

तिनं सेवकाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. "मी अशी नव्हती बांधली, बाई."

"लवकर करा," मवहूबचा आवाज चिरकला. "पाय गार पडतोय माझा."

तुर्फाला भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला. मेल्यावरसुद्धा? अकरा वर्षं रोज संध्याकाळी ही गाठ तिनंच सोडली होती.

"सोड, खलफ," ती दात आवळून म्हणाली आणि आतलं टोक ओढलं.

वहाण निघाली. तिनं ती भिरकावली, तशी ओली वाळू सांडली. मवहूबचं पाऊल पांढरंफटक, सुरकुतलेलं होतं. रीतीप्रमाणे ती त्याच्यापुढे थुंकली आणि ठरलेले शब्द म्हणाली. "भावाचं घर जो उभारत नाही, त्याची हीच गत होवो!"

"वहाण सुटली," पंच तीनदा म्हणाले.

ती ताठ मानेनं घरी आली. उंबऱ्यावर बसून स्वतःच्या वहाणा काढू लागली.

डाव्या पायातली सुटली.

उजव्या पायातली गाठ ओली होती. उलटी.

"रोज मारलीस, तरी रोज सोडीन," ती मोठ्यानं म्हणाली आणि आतलं टोक ओढलं.

पलीकडून कुणीतरी ते हळूच ओढून धरलं.

तुर्फानं हात काढला नाही.