मागचा माणूस

निघण्याआधी वाटाड्याने शिट्टी नळाखाली धुतली, झटकली, सदऱ्याला पुसली आणि गळ्यात घातली. बहिणीने डबा पुढे केला, पण हातातून सोडला नाही.

"दादा, आज तपासणीच्या बाई येणार ना?"

"येणार म्हणतात."

"मग सांगशील?"

"सांगतो म्हटलं ना."

"मागच्या खेपेलाही म्हणाला होतास. तेव्हा काय तोंडात शिट्टी अडकली होती?"

तो हसला नाही. तीही हसली नव्हती. गेल्या हंगामापासून या घरात टोमणे तेवढे उरले होते, हसणं नाही.

बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचे दाजी, त्याच्याबरोबर एकाच कंपनीत कामाला होते. पर्यटकांना रानात न्यायचं आणि परत आणायचं. वर्षभर पाऊस पिऊन फुगलेलं ते रान, भरदुपारीही आत संध्याकाळ. तिथे चालायची एक रीत होती. पुढे वाटाड्या, मध्ये पर्यटक, सगळ्यांत मागे 'शेपूट'. वाट निसरडी, कडा ठिसूळ, म्हणून पुढच्याने मागे वळायचं नाही, आपला पाय कुठे पडतोय तेवढंच बघायचं. थांब्यावर त्याने एक लांब शिट्टी द्यायची आणि शेपटाने दोन आखूड शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. दोन आखूड म्हणजे, सगळे माझ्या पुढे आहेत, माझ्या मागे कोणी नाही. उत्तर आलं की चालू लागायचं. शेपूट म्हणजे दाजी. त्यांना दमा होता, त्यामुळे त्यांची दुसरी शिट्टी कायम मध्येच तुटायची.

गेल्या हंगामात ओढ्याला अचानक लोंढा आला. वाटाड्याने पलीकडून शिट्टी दिली. उत्तर आलं नाही. पर्यटक मात्र सगळे सुखरूप होते आणि मालकाला तेवढं पुरलं. शोध घ्यायचा तर ऐन हंगामात वाट बंद ठेवावी लागली असती. म्हणून दाजी बुडालेच नाहीत. ते 'काम टाकून पळाले'. कुठल्याशा बाईच्या नादाने, असंही मालकाने चारचौघांत सोडून दिलं. बुडालेल्या माणसासाठी लोक हळहळतात, पळालेल्याची थट्टा करतात. मालकाला थट्टा स्वस्त पडली. मग त्याने शेपटाची जागाच रद्द केली. कंपनीच्या गुळगुळीत पत्रकावर मात्र 'पुढे आणि मागे प्रशिक्षित मार्गदर्शक' हे वाक्य निर्लज्जपणे तसंच राहिलं. त्याखालच्या फोटोत हसणारा माणूस म्हणजे दाजी.

फाटकापाशी मालक स्वतः नारिंगी जाकीट चढवून उभा होता. दुकानातली घडीही मोडली नव्हती.

"सुरक्षेच्या बाबतीत मी कोणावर विसंबत नाही, बाई," तो तपासणीच्या बाईंना सांगत होता. "आज मागे मी स्वतः."

बाई बूट बांधायला वाकल्या तसा तो वाटाड्याच्या कानाशी आला. "तोंड मिटून चालायचं. घरात कमावता एकच उरलाय ना?"

वाटाड्याने त्याच्या गळ्यातल्या नव्या शिट्टीकडे पाहिलं. "वाजवता येते ना?"

"शिट्टीच आहे ती. बासरी नव्हे."

मंडळी निघाली. वाटाड्याच्या मागे बाई, मग काही तरुण मुलंमुली, त्यांच्या मागे एक आजोबा-आजी आणि शेवटी मालक.

"अहो, पाय उचलून ठेवा," आजी आजोबांना म्हणाल्या.

"उचलून कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

पहिल्या वळणापलीकडे रानाने दार लावून घेतल्यासारखा उजेड गेला. गप्पा आपोआप खाली आल्या. पानांवरून पानांवर ठिबकणारं पाणी आणि चिखलातून सुटणाऱ्या बुटांचा चप् चप् आवाज, एवढंच ऐकू येत होतं. कुजक्या लाकडाचा वास नाकात भरला होता. पहिल्या थांब्यावर वाटाड्याने लांब शिट्टी दिली.

मागून उत्तर आलं. दोन आखूड. दुसरी मध्येच तुटली.

त्याच्या मानेवर काटा आला. मग त्याने स्वतःलाच फटकारलं. खुर्चीत बसून पोट सुटलेला माणूस, चार पावलांत धापा टाकणारच. त्याची शिट्टी तुटणार नाही तर काय!

ओढ्याला घोटाभर पाणी होतं. सगळे ओलांडून आल्यावर त्याने पुन्हा शिट्टी दिली. उत्तर जरा जास्तच लवकर आलं. त्याच्याबरोबर मागून एक गार झुळूक आली आणि गाळाचा वास. बराच काळ पाण्याखाली राहिलेल्या कापडाला येतो तसा.

"मालक शिकले की हो पटकन," बाई म्हणाल्या.

"हो..." तो म्हणाला. मागे वळला नाही. वळायचं नसतं.

शेवटच्या चढाआधी झुलता पूल होता. त्याच्या फळ्या इतक्या सैल की मांजर गेलं तरी खडखडाव्यात. पूल ओलांडून, चढाकडे तोंड करून तो कानांनी माणसं उतरवून घेत होता. तरुणांची धावपळ. आजींची जपून टाकलेली पावलं. आजोबांची काठी... टक्, टक्. मग काहीच नाही. मालक मागच्या काठावरच थबकला की काय म्हणून त्याने शिट्टी दिली.

दोन आखूड. पुलाच्या अलीकडून. अगदी जवळून.

वर शेडमध्ये पोहोचल्यावर माणसं बाकांवर कोसळली. मालक अजून वर यायचा होता. आता नाही तर कधीच नाही, असं वाटाड्याला वाटलं. तो बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, पत्रकावरचा तो हसणारा माणूस... ते माझे दाजी. ते पळाले नाहीत. खालच्या ओढ्यात गेले. त्यांना कोणी शोधलंच नाही."

बाईंनी पाण्याची बाटली खाली ठेवली. "कोणीच नाही?"

"वाट बंद ठेवावी लागली असती. म्हणून माझ्या बहिणीला टाकून पळाले, असं गावभर केलं."

बाईंचा चेहरा कठीण झाला. "बोलवा मालकांना. माझ्यासमोर सांगू देत."

"कसला मालक?" आजोबा मोजे पिळत म्हणाले. "ते गृहस्थ तर पहिल्याच वळणावरून परत फिरले की. म्हणाले, गुडघा धरलाय, गाडीत जाऊन बसतो. मी म्हटलं, अहो, मग आमच्या मागे कोण? तर म्हणे, काळजी करू नका, मागे आमचा माणूस आहे."



"होताच की माणूस," आजी म्हणाल्या. "इतका वेळ होता. ओढ्यात मी घसरले तर त्यानेच कोपर धरलं. हात केवढा गार... बाही अजून सुकली नाही बघा." त्यांनी हात पुढे केला. बाहीवर गाळाची बोटं उमटली होती.

"तोंड पाहिलंत त्याचं?" वाटाड्याने विचारलं.

"टोपी खाली ओढलेली. पण धाप लागली होती बिचाऱ्याला. दम्यासारखी."

वाटाड्याने वॉकी-टॉकीवर ड्रायव्हरला हाक मारली. "मालक आलेत का गाडीपाशी?"

"नाही बुवा." खरखरीतून आवाज आला. "पण मघाशी त्या वळणाकडून ओरडल्यासारखं झालं. मला वाटलं, माकड असेल. जाऊन बघितलं तर नवं जाकीट फांदीला टांगलेलं. ओलंचिंब. गाळाने भरलेलं... दादा, इथे तर कुठे पाणीही नाही."

बाईंनी वाटाड्याचा दंड धरला. "त्या वळणापासून फाटकापर्यंत धोक्याचं काही आहे?"

"काही नाही. सपाट वाट आहे. लेकरूही चुकणार नाही."

"मग शिट्टी द्या. जवळपास असतील तर उत्तर देतील."

त्याला द्यायची नव्हती. पण हात सवयीने गळ्याकडे गेला. एक लांब शिट्टी दरीत उतरत गेली. रानातलं ठिबकणंही थांबल्यासारखं झालं.

खालून उत्तर आलं. दोन आखूड, दुसरी मध्येच तुटलेली. त्याचे डोळे भरून आले. बहिणीला काय सांगू, एवढंच त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात त्या शिट्ट्यांपाठोपाठ खालूनच आणखी दोन वाजल्या. नवशिक्याच्या, घाबऱ्या... घशात पाणी असताना फुंकल्यासारख्या.

"दोन माणसं कशी?" बाई कुजबुजल्या. "शेवटचा तर एकच असतो ना?"

वाटाड्या कान देऊन पुलाकडे ऐकत होता. शिट्ट्या पुन्हा वाजल्या. आधी दाजींच्या, मग त्या दुसऱ्या. आता दोन्ही पुलाच्या अलीकडे होत्या, चढावर, वर येत.

फळ्या मात्र एकदाही वाजल्या नव्हत्या.