प्रेम_२८ टीममध्ये आला

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल खोटी समजावी. मी कुणाला पटवायला बसलो नाही.

भूत म्हटलं की लोकांना रात्रीचे बारा, अमावस्या आणि पिंपळ लागतो. यात असलं काहीच नाही. हे घडलं दुपारी दोन वाजता, लख्ख उजेडात. तारीख ११ सप्टेंबर २०१९, बुधवार. जागा म्हणजे आमचं गाव, देऊळगाव राजाहून चिखलीकडे जाताना फाट्यापासून दोन किलोमीटर आत. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती बाई अजून तिथेच राहते.

आणखी एक. आमच्या घरात भूतपिशाच्च मानत नाहीत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून भगत, उतारा, अंगारा सगळं बंद. मीही मानत नव्हतो. आता मानतो की नाही, ते मला विचारू नका.

माझं नाव इंद्रभान. प्रेमानंद माझा लहानपणापासूनचा दोस्त. दोन घरं सोडून राहायचा. घरात तो आणि त्याची आई सिंधूताई, दोघंच. मी तिला मावशी म्हणतो.

आम्ही दोघं जोडीने लोकांच्या शेतात फवारणीला जायचो. बीटी कपाशी आली तेव्हा दुकानदार सांगायचे, आता फवारणीचं कामच संपलं. संपलं कसलं! २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली, आणि पुढच्या वर्षी लोक इतके धास्तावले की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, दिसली की फवार. आम्हाला कामाला तोटा नव्हता.

आणि दुपारच्या सुट्टीत गेम.

मोबाईलवरचा लष्करी गेम. नाव सांगायची गरज नाही, तेव्हा अख्खा जिल्हा खेळत होता. चौघांची टीम असते. विमानातून उड्या मारायच्या, बंदुका शोधायच्या, शेवटपर्यंत जगायचं. माईक चालू ठेवला की टीममधले एकमेकांशी बोलू शकतात. आपण मेलो की स्क्रीनवर आपल्या जोडीदाराच्या नजरेतून पुढचा खेळ दिसतो. आमच्या टीममध्ये मी, प्रेमानंद, आणि देऊळगाव राजाला मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला जावेद. चौथा कुणीही अनोळखी यायचा.

प्रेमानंदचं गेममधलं नाव होतं 'प्रेम_२८'. २८ म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या गाड्यांचा नंबर. नेम त्याचा असा की हत्ती उभा केला तरी हुकायचा. पण हौस दांडगी.

११ सप्टेंबर २०१८ ला फवारणी करताना त्याला औषध चढलं. तिसऱ्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात तो वारला. चोवीस वर्षांचा होता.

त्यानंतर मी फवारणी सोडली. गेम मात्र सुटला नाही.

बरोबर एक वर्षाने, दुपारी दोन वाजता, मी आणि जावेद खेळायला बसलो. तो दुकानात, मी घरी. बाकीच्या दोन जागा रिकाम्या होत्या.

एक जागा भरली.

'प्रेम_२८ टीममध्ये आला.'

मी स्क्रीनकडे बघतच राहिलो.

"अबे इंद्रभान..." माईकवर जावेदचा आवाज बारीक झाला. "हे कोन आहे?"

"कोनाले तरी त्याचा पासवर्ड माहीत असन."

मी बोललो खरा, पण त्याचा पासवर्ड फक्त मला माहीत होता.

मॅच सुरू झाली. आम्ही उड्या मारल्या. तोही आला. पण तो घरांकडे गेला नाही, बंदूक शोधली नाही. नकाशावर त्याचा ठिपका मोकळ्या मैदानात उतरला आणि तिथेच राहिला. मी लगेच मारला गेलो. नजर त्या ठिपक्यावरच होती, दुसरं काय होणार.

मेल्यावर स्क्रीन बदलली. आता मला प्रेम_२८ च्या नजरेतलं दिसत होतं.

तो चालत होता...

सरळ रेषेत. सावकाश. हातात काही नाही, पण नजर डावीकडे जायची, उजवीकडे जायची, पुन्हा डावीकडे. मैदानाच्या टोकाला गेला की थांबायचा. एक पाऊल बाजूला सरकायचा. वळून पुन्हा सरळ चालायचा.

गेममध्ये असं कुणी चालत नाही.

असं फक्त फवारणीवाला चालतो. एक ओळ जाताना, दुसरी येताना.

गेममध्ये मैदान हळूहळू आवळत जातं आणि बाहेर विषारी धुकं पसरतं. त्यात राहिलं की माणूस मरतो. त्याच्यावर ते धुकं आलं. तो चालतच राहिला. त्याच्या जीवाची पट्टी लाल झाली, केसाएवढी उरली... पण संपली नाही.

आणि मग माईकमधून आवाज आला.

घर्रर्र...

बारीक, एकसारखा. बॅटरीवर चालणाऱ्या पाठीवरच्या पंपाची मोटर. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

मग श्वास. तोंडावर ओला रुमाल बांधल्यावर येतो तसा.

मग अगदी कानाशी...

"किती राह्यले बे?"

जावेदने मॅच सोडून दिली. लगेच त्याचा फोन आला. "भाई, कसम से, त्याचाच आवाज हाये! पन किती राह्यले म्हंजे काय? दुश्मन किती राह्यले म्हनते का?"

"हाव," मी म्हणालो. "तेच विचारत असन."

खोटं बोललो मी. तो काय विचारत होता, हे जगात एकट्या मला माहीत होतं.

वर मी फक्त 'औषध चढलं' एवढंच लिहिलंय. वर्षभर सगळ्यांना तेवढंच सांगितलं. आता उरलेलं सांगतो.

फवारणीत जोडीचा एक नियम असतो. दहा पंप, म्हणजे दहा भरलेल्या टाक्या, एकाने मारायचे, तोवर दुसऱ्याने ड्रममध्ये पाणी आणि औषध कालवायचं. मग पाळी बदलायची. म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर सगळं औषध बसत नाही. हा नियम कुणी कागदावर लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात.

त्या दिवशी गेमचा सीझन संपणार होता. संध्याकाळपर्यंत वरची लेव्हल गाठली तर ठीक, नाहीतर सगळं पुन्हा खालून. प्रेमानंदला ती लेव्हल हवी होती आणि त्याच्या नेमाने ती सात जन्मात मिळाली नसती. मी म्हटलं, तुझा मोबाईल दे. तुझ्या नावाने मी खेळतो, माझ्या पाळीचे पंप तू मार.

मीच म्हटलं. त्याने नाही.

पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली. नळी वर धरून मारावं लागत होतं आणि सगळा फवारा तोंडावर परत येत होता. वारा साफ पडलेला. मी बाभळीखाली बसून त्याच्या मोबाईलवर खेळत होतो. पंप रिकामा झाला की तो यायचा, स्वतःच पाणी भरायचा आणि विचारायचा, "किती राह्यले बे?"

मी वर न बघता म्हणायचो, "दोन."

तीनदा विचारलं त्याने. तीनदा मी दोनच सांगितले. मी मोजतच नव्हतो.

चौथ्यांदा तो आलाच नाही. मी शोधायला गेलो तेव्हा ओळीत उताणा पडला होता. तोंडाला फेस. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

ते मला विसरता येत नाही. येऊही नये.

तर, त्या बुधवारनंतर तो रोज येऊ लागला. दोन वाजले की प्रेम_२८ टीममध्ये हजर. मी त्याला यादीतून काढलं, तरी आला. मी गेमच काढून टाकला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता, बंद करून ठेवलेल्या मोबाईलमधून घर्रर्र सुरू झालं.

जावेद म्हणाला, "त्याचा मोबाईल कोनाकडे आहे ते आधी पाहू. नाहीतर तुले सैलानीच्या दर्ग्यावर भूत उतरवायले घेऊन जातो."

म्हणून आम्ही मावशीकडे गेलो. तिने लोखंडी पेटी उघडली. तथागतांच्या फोटोखाली ठेवलेली पेटी. आत प्रेमानंदचा शर्ट, आणि शर्टात गुंडाळलेला मोबाईल. जावेदने मागचं झाकण काढलं. बॅटरी फुगून फुटली होती. तो मोबाईल वर्षभरात चालू होणं शक्यच नव्हतं.

"काऊन रे, काय झालं?" मावशीने विचारलं.

मी जावेदला डोळ्याने खुणावलं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. "मावशी, प्रेमानंद गेममध्ये येऊन राह्यला. बोलते बी."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर आम्हाला हाकलून देईल. तिने पदराने हात पुसले आणि माझ्यासमोर बसली.

"मले ऐकव."

"मावशी, ते बरोबर नाही..."

"सालभर झालं इंद्रभान. सालभर मी त्याच्या शर्टाचा वास घेऊन झोपून राह्यली. आता वास बी गेला त्याचा. मले ऐकव."

मी आठ दिवस टाळलं. ती रोज दारात येऊन बसायची. जेवली नाही, कामाला गेली नाही. लोक मला विचारायला लागले, काय केलंस रे तिला? मला भुताची भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती होती ती, तिने तो प्रश्न ऐकला तर काय, याची.

नवव्या दिवशी मी हरलो.

गेम पुन्हा मोबाईलमध्ये टाकला आणि तिच्याच घरात बसलो. दोन वाजले. तो आला. मी तिच्या कानात हेडफोन लावला. तिला स्क्रीनमधलं काही कळत नव्हतं, तिने डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळाने तिचे ओठ हलले.

"दम लागला त्याले..."

तिने हेडफोन कानावर दाबून धरला.

"माह्या लेकराले किती दम लागला रे..."

मग तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"किती राह्यले म्हनते. कशाचे किती?"

मी सांगितलं. सगळं. पाळी, सीझन, बाभळ, तीनदा सांगितलेले दोन. हात जोडले, तिच्या पायाशी डोकं ठेवलं. म्हटलं, "मावशी, मारा मले. त्याच्या पाळीचे नव्हते ते. माह्या पाळीचे होते."

तिने मारलं नाही. शिवीही दिली नाही. माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला, जड. मग तिने हेडफोनचा माईक तोंडाजवळ धरला आणि अंगणातून हाक मारावी तशी म्हणाली,

"एकबी नाही राह्यला बाबू. झाले सगळे. ये घरी."

घर्रर्र थांबलं.

स्क्रीनवर तो जागच्या जागी उभा राहिला. पहिल्यांदाच. मग नाव पुसलं गेलं. 'प्रेम_२८ टीममधून बाहेर पडला.'

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. वाटलं, सुटला बिचारा. सुटलो मीपण. मी रडलो, मावशी रडली.

मग वास आला...

औषधाचा. उग्र, घशात उतरणारा. दारातून आत, आमच्या दोघांच्या मधून, मागच्या खोलीकडे गेला. मागे खाट करकरली.

मावशी उठली आणि पाण्याचा तांब्या भरून आत घेऊन गेली.

गेममध्ये तो पुन्हा कधीच आला नाही. कसा येईल?

पंधरा दिवसांनी मावशीला झटका आला. तोंडाला फेस, घामाने चिंब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आम्ही तिला बुलढाण्याला नेलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, म्हाताऱ्या बाईला फवारणीला कशाला पाठवता? मी काय सांगणार? तिने वर्षभरात औषधाच्या बाटलीला हात लावला नव्हता. घरात बाटलीच नव्हती. मी कोपरा न् कोपरा शोधला.

बरी होऊन ती परत गेली. महिन्याभरात पुन्हा तेच.

मी तिचे पाय धरले. "मावशी, त्याले जा म्हना. तुमचं ऐकते तो. नाहीतर माह्या घरी राहायले चाला."

"त्या दिवशी त्याचं अंग दुखून राह्यलं होतं," ती म्हणाली. "कामावर नको जाऊ का म्हने. म्याच धाडला. आता मी त्याले कुठं बी नाही धाडत."



गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा दवाखाना झाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता पुन्हा असं झालं तर शरीर साथ देणार नाही. तिला तिथेच ठेवा म्हणून मी विनवलं. ती ऐकेना. घरी तो एकटा आहे म्हणे. शेवटी मी तिला गाडीवर बसवून घरी आणलं. ती आत गेली, आतून कडी लावली.

मी दाराबाहेर उभा राहिलो. आत ती बोलत होती. मध्येच थांबायची. दुसऱ्याने उत्तर द्यावं एवढा वेळ थांबायची, मग पुन्हा बोलायची.

मी दार वाजवलं. "मावशी, दार उघडा. मले त्याच्याशी बोलू द्या. मले माफी मागू द्या त्याची."

आत खाट करकरली...

मग दाराच्या अगदी मागून मावशीचा आवाज आला. हळू, दमलेला.

"तू जाय इंद्रभान. लवकर जाय. तो तुह्याच मागं येतो म्हनते, म्या हात धरून ठेवला आहे त्याचा."

मी घरीही न जाता तसाच गावाबाहेर निघालो. त्याला आवाज जाऊ नये म्हणून गाडीसुद्धा चालू केली नाही, फाट्यापर्यंत ढकलतच नेली.