मिस्त्रींची पाळी

काचेच्या कारखान्यातली जुनी भट्टी विझवायची ठरली, तेव्हा शेवटची सही करायला ताईलाच पाठवलं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. एक तर भट्टीवर राहिलेल्यांत तीच सगळ्यात जुनी, आणि त्यात ती मिस्त्रींची मुलगी. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. साहेबांनी तिच्या हातात कागद ठेवला.

"दहा मिनिटांचं काम आहे. आत जा, जोडीदाराला सांगा, सही करा आणि या."

"एवढंसंच आहे तर तुम्हीच का नाही उरकलंत?" ताईने हसत विचारलं.

साहेब हसले नाहीत. "तीनदा जाऊन आलो. माझं ऐकत नाही तो."

जोडीदार म्हणजे भट्टी सांभाळणारं यंत्र. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्याला जोडीदार म्हटलं आणि तेच चिकटलं. फुटक्या बाटल्या, खिडक्यांच्या जुन्या काचा वितळवून नवी काच करायची, तीही कमीत कमी गॅस जाळून, म्हणून त्याला आणलेलं. आलं तेव्हा ते अगदीच कच्चं होतं. त्याला शिकवलं मिस्त्रींनी. भट्टीच्या नुसत्या घरघरीवरून काच शिजली की नाही ते सांगणारा माणूस तो. दोन वर्षं त्यांनी जोडीदाराला हाताशी धरून एकेक खुबी दाखवली. "डोकं तल्लख आहे त्याचं," घरी जेवताना सांगायचे, "पण त्याला भीती ठाऊक नाही. बिनभीतीच्या हातात भट्टी द्यायची नसते."

म्हणून त्यांनीच हट्टाने अट घालून घेतली होती. शेवटचा शब्द माणसाचा. भट्टी पेटवायची, विझवायची, पाळी बदलायची, काहीही असो, माणसाने तोंडाने सांगितल्याशिवाय जोडीदाराने पुढे जायचं नाही. जाणाऱ्याने विचारायचं, "घेतलं?" आणि येणाऱ्याने म्हणायचं, "घेतलं." तोवर जाणाऱ्याने जागा सोडायची नाही.

सात महिन्यांपूर्वी मिस्त्री भट्टीसमोरच गेले. झरोक्यातून आत बघताना छातीत कळ आली आणि जागच्या जागी संपलं. त्यांना उचलून नेलं त्या गडबडीत पुढचा तासभर भट्टी एकट्या जोडीदाराने सांभाळली. मग शेजारच्या शेडमध्ये विजेवर चालणारी नवी भट्टी आली. तिला धूर नाही, आणि तिच्यापाशी उभं राहायला माणूसही लागत नाही.

जुन्या भट्टीचा गॅस तोडून अकरा दिवस झाले होते. आणि ती निवत नव्हती.

ताईने लोखंडी दार लोटलं. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर क्षणभर काहीच दिसेना. मग तापलेल्या विटांचा वास आला, जळक्या धुळीचा आला, आणि त्या दोन्हींच्या खाली, अगदी पुसट, खोकल्याच्या गोळीचा. बाबा दिवसभर चघळायचे ती. तिने मनाशी म्हटलं, भिंतींना मुरला असेल. पंखे बंद होते, माल वाहणारे पट्टे थांबलेले होते, माणूस एकही नव्हता. तरी भट्टी घरघरत होती, पोट भरलेल्या जनावरासारखी, सावकाश.

"या ताई," भिंतीवरून जोडीदाराचा आवाज आला. नेहमीसारखाच शांत. "एकट्याच आलात?"

"एकटीच. भट्टी विझवायची आहे. कागद आणलाय."

"मी विझवू शकत नाही. पाळीवर माणूस आहे."

ताईने चारी बाजूंना पाहिलं. "कोण आहे?"

"मला माणूस दिसत नाही, ताई. मला काम दिसतं. दर पाव तासाने झरोक्याचं झाकण उघडतं. धुराड्याची झडप दोन बोटं सरकते. गॅस नाही, तरी आच तेवढीच राहते. कुणाचं काम कसं असतं ते मी ओळखतो... हे मिस्त्रींचं काम आहे."

तिच्या हातातला कागद घामाने चिकटला. रागावावं असं तिला वाटलं. कुणा माणसाने सांगितलं असतं तर रागावलीही असती. पण जोडीदाराला थट्टा करणं कुणी शिकवलंच नव्हतं.

"कधीपासून?"

"ते गेले त्या दिवसापासून. एकही पाळी चुकली नाही."

"सात महिने तू बोलला नाहीस कुणाला?"

"रोजच्या अहवालात लिहीत होतो. साहेबांनी तो रकाना काढून टाकला."

तेवढ्यात टक... टक... टक... असा आवाज आला. नळावर पान्हा ठोकल्याचा. आणि तिच्यापासून दहा पावलांवर झरोक्याचं लोखंडी झाकण हळूच वर उचललं गेलं. आतला केशरी उजेड जमिनीवर पडला. कुणीतरी डोळा लावून बघावं एवढा वेळ तो अर्धवट झाकल्यासारखा झाला, मग पुन्हा सगळा मोकळा झाला. झाकण खाली आलं, आवाज न करता. बाबा नेहमी झाकण हात लावून खाली आणायचे, कधी आपटायचे नाहीत.

"बाबा..." तिच्या तोंडून गेलं.

घरघर किंचित बदलली. बस, एवढंच.

"त्यांना काय हवंय?" तिने विचारलं. आवाज कुजबुजीइतका झाला होता.

"सुटका. त्या दिवशी पाळी मी सांभाळली, पण घेतलं असं मी म्हणू शकत नाही. ते माणसानेच म्हणायचं, ही त्यांचीच अट. नंतरच्या पाळ्यांनी एकमेकांकडून घेतलं, त्यांच्याकडून कुणी घेतलं नाही. म्हणून ते उभे आहेत."

सात महिने. त्या आचेसमोर, त्या छातीने. तिने आईला किती वेळा समजावलं होतं, बाबांचं एका क्षणात सगळं सुटलं म्हणून.

"मी म्हटलं तर?"

जोडीदार थोडा थांबला. तो कधी थांबत नसे. "मी तुम्हाला नको म्हणेन. तुमच्यानंतर पाळीच्या यादीत कुणाचं नाव नाही, तुमच्याकडून घेणारं कुणी उरणार नाही. नवीन माणसं घेणार नाहीत. पण शेवटचा शब्द तुमचा आहे, ताई. मला अडवता येत नाही."

ती झरोक्यापाशी गेली. आच तोंडावर आली. तिथे कुणी नव्हतं, आणि तरी शेजारी कुणी उभं असल्यावर जशी जागा अडते तशी ती जागा अडलेली होती. खोकल्याच्या गोळीचा वास आता अगदी जवळून येत होता.

"घेतलं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही जा."

शेजारची जागा मोकळी झाली. मागून कुठून तरी दीर्घ श्वास सोडल्यासारखं झालं, आणि भट्टीची घरघर थांबली. मग विटा तडतडू लागल्या. अकरा दिवसांचं निवणं भट्टीने पाच मिनिटांत उरकलं.

"पाळी तुमच्या नावावर लागली," जोडीदार म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मला वाईट वाटतं, असं म्हणायला मिस्त्रींनी शिकवलं होतं. ते मी आज पहिल्यांदा म्हणतोय."

ताईने सही केली आणि ती उन्हात आली. ऊन लागलं नाही. आधी तिला वाटलं, आतून आल्यामुळे असेल. पण घरी तिने चुलीवरचं भांडं उघड्या हातांनी उतरवलं तेव्हा आई किंचाळली आणि तिला काहीच कळलं नाही. नंतरच्या दिवसांत तर असं होऊ लागलं की बोलता बोलता तिचं लक्ष दुसरीकडे जाई, जसं कुणी दूरचं काम कानाने सांभाळत असतं. दर पाव तासाला ती एक डोळा बारीक करी. आईने विचारलं, "काय बघतेस गं?" तर म्हणे, "काही नाही, काच."

पंधरा दिवसांनी ती साहेबांकडे गेली. "एकच शब्द म्हणा," ती म्हणाली. "नाहीतर कुणाला तरी म्हणायला सांगा."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "जोडीदारालाही कालच काढलं, ताई. आता म्हटलं तरी नोंद घेणार कोण?"

भट्टी फोडायला बाहेरचे लोक आले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुकादमाने ताईला बोलावून घेतलं. विटा काढून झाल्या होत्या आणि तळाशी उरलेली हातभर जाड काच उघडी पडली होती, हिरवट, गोठलेली. तिच्या मधोमध एक पंजा वर आलेला होता. खोदलेला नव्हे, ठसाही नव्हे. आतून रेटून उमटावा तसा काचेचाच, बोटं फाकलेली. ताईने त्यावर आपला हात ठेवला. बोटाला बोट जुळलं; पंजा तिचाच होता.

मुकादम दबक्या आवाजात म्हणाला, "काल संध्याकाळी आम्ही काम थांबवलं ना, ताई... तेव्हा ही मूठ होती."