दहा दिवसांची रजा

समुद्राचं खारं पाणी गोड करणारं ते केंद्र होतं कोकणात, पण ते चालवणारे पाच जण पाच गावांत, आपापल्या घरी बसलेले. त्यामुळे काम कोण करतं आणि नुसती मान कोण डोलावतं, हे कळायला मार्ग नव्हता. लातूरचा गुंजाळ तर दिवसभर मान डोलावायचा. म्हणूनच साताऱ्याच्या ऋजुता दामलेनं गटप्रमुख डॉक्टर उभयंकरांबरोबर खपून 'अभावमापक' हे यंत्र तयार केलं होतं. आज त्याचा पहिला निकाल होता. सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्याला नारळ मिळणार होता.

आता कळेल गुंजाळला, असं म्हणत तिनं निकाल उघडला. गुंजाळ, ब्याण्णव. ऋजुता दामले, शून्य.

"सर, काहीतरी चुकलंय!"

"अगं, सूत्र तुझंच आहे," उभयंकर पडद्यावर चहा ढवळत म्हणाले. "माणूस नसताना गटाचं काम जेवढं घसरतं, तेवढी त्याची किंमत. गुंजाळ एक दिवस आजारी पडला तर तीन पंप बंद पडले. कारण त्यानं कुणाला काही सांगितलेलंच नाही. तू आईच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस रजेवर होतीस. काय अडलं?"

काहीच अडलं नव्हतं. दवाखान्यात तिला एकही फोन आला नव्हता, आणि त्याचा तिला केवढा अभिमान वाटला होता! कुणाचा खोळंबा नको म्हणून तिनं बारीकसारीक सगळं गटाच्या सामाईक वहीत, विचारलं की उत्तर देणाऱ्या संगणकावरच्या वहीत, लिहून ठेवलं होतं.

"त्या वहीवरच तर चाललं सगळं!"

"हो ना. म्हणून यंत्रानं वहीचाही अभाव मोजला. अठ्ठ्याण्णव गुण! तुझी जागा आता तिला."

ऋजुताचा संताप संताप झाला. "सर, आई अंथरुणाला खिळलीय. घरून होणारी ही नोकरी गेली तर तिच्याजवळ कोण बसणार?"

उभयंकरांना खरंच वाईट वाटलं. "यंत्रात आई मोजायची सोय तू ठेवली नाहीस गं," ते म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर पाच जणांच्या चौकटींशेजारी सहावी चौकट उघडली, वहीची. दोन नंबरच्या टाकीत खारं पाणी शिरत होतं आणि गुंजाळनं वहीला उपाय विचारला होता. वहीनं क्षणात उत्तर दिलं. ऋजुतानं ते वाचलं. एक पायरी लिहायची राहून गेली होती. गप्प बसली असती तर संध्याकाळपर्यंत सगळे तिच्या पाया पडत आले असते. पण दोन तालुके ते पाणी पिणार होते.

'आधी मागची झडप बंद करा,' तिनं वहीत ओळ घातली.

वहीचे गुण शंभर झाले, आणि ऋजुताची चौकट मिटली.